उत्तरदाता क्रमांक अकरा

परदेशातून आलेल्या विद्यार्थ्यांचा पहिला घोळका आमच्या गल्लीत शिरला तेव्हा बाबांना वाटलं, गटाराचं काम निघालं. अंगात पिवळी जाकिटं, हातात मोजपट्ट्या आणि परीक्षेला नेतात तसले पॅड. बाबा कानस खाली ठेवून दारात आले आणि मला त्या घोळक्यात बघून म्हणाले, "चिमणे, तू कधीपासून गटारं उपसायला लागलीस?"

मी दुभाषी आहे. कंपन्यांच्या बैठका, दवाखाने, कोर्ट, जिथे बोलावतील तिथे जाऊन एकाचं बोलणं दुसऱ्याच्या पदरात टाकायचं, हा माझा धंदा. त्या वर्षी एका परदेशी विद्यापीठाच्या प्रोफेसरबाईंनी मला बोलावलं होतं. त्या भूगोल शिकवायच्या. जागतिकीकरणाने शहरं कशी बदलतात हे पोरांना वर्गात बसवून न शिकवता रस्त्यावर उभं करून शिकवायचं, असा त्यांचा खाक्या. बंदराजवळची एखादी जुनी कारागिरांची गल्ली हवी म्हणाल्या, आणि मला अशी एकच गल्ली ठाऊक होती, जिथे मी जन्मले ती. बाबांना मी हे सगळं नीट समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, त्यांच्याकडे शहरं नाहीत का?

आमची गल्ली बुटांची होती. कुणी कातडं कापायचं, कुणी शिवायचं, कुणी टाच ठोकायचं. बाबा बुटांचे लाकडी साचे करायचे. गिऱ्हाइकाच्या पायाचं माप घेऊन लाकडाचा हुबेहूब तसाच पाय घडवायचा, मग त्या पायावर बूट शिवला जायचा. घर म्हणजे एक लांबलचक खोली. पुढे बाबांचं कामाचं बाक, भिंतीला छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर ओळीने लाकडी पाय, आणि मागे पडद्याआड एक खाट, शेगडी आणि आईची पेटी. त्या पडद्याआड दादा आणि मी वाढलो. आई गेल्यावर बाबा तिथे एकटेच राहायचे. मी लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला गेले होते. दादाला बंदरावर कंटेनर उतरवणाऱ्या क्रेनवर नोकरी लागली आणि त्याने शहराबाहेर उंच इमारतीत घर घेतलं. ज्या आयत्या बुटांनी बाबांचा धंदा बसवला ते दादाच्याच क्रेनने खाली उतरायचे. दोघं एका टेबलावर जेवायचे आणि या विषयावर अवाक्षर काढायचे नाहीत.

तर पोरं दर वर्षी येऊ लागली. प्रत्येक वर्षी नवी पोरं, बाई त्याच. कुणी कोपऱ्यावर उभं राहून येणारी-जाणारी माणसं मोजायचं, कुणी कुठल्या दुकानाचं काय झालं ते नकाशावर रंगवायचं, आणि दोघं जण गल्लीला गुण द्यायचे. भिंतींना गुण, दिव्यांना गुण, आवाजाला गुण. आमच्या गटाराला पाचपैकी दोन मिळाले हे कळल्यावर बाबांना इतका राग आला की पुढच्या वर्षी त्यांनी स्वतः फडा घेऊन गटार घासून काढलं. त्या वर्षीही दोनच मिळाले. बाबा म्हणाले, बाईंचा हात आखडता आहे.

खरा कार्यक्रम मुलाखतीचा. बाबांना माणसं आवडायची, म्हणजे ऐकणारी माणसं आवडायची, आणि गल्लीतल्या कुणाला आता ऐकायला वेळ नव्हता. पोरं येणार असं कळलं की बाबा तयारीला लागायचे. खाटेवरचं अंथरूण गुंडाळून पेटीवर, शेगडी बाकाखाली, टॉवेल, दाढीचं सामान, औषधं सगळं फळीमागे, खाट उभी करून पडद्यामागे. आल्यागेल्याला आपला संसार कशाला दाखवायचा, कारागिराचा कारखाना कसा दिसला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मग इस्त्रीचा शर्ट घालून बाकावर बसायचे. आम्ही पोचेपर्यंत ते इतके तयार असायचे की मला हसू यायचं आणि थोडा रागही यायचा, कारण मी भेटायला जायचे तेव्हा ते मळक्या बनियनवर बसलेले असत.

प्रश्न ठरलेले. किती वर्षं इथे आहात, घरात कोण कोण राहतं, पूर्वी इथे काय होतं. पहिल्या वर्षी बाबांनी सरळ उत्तरं दिली. दुसऱ्या वर्षी तेच प्रश्न आल्यावर त्यांना कंटाळा आला. "इथे कोण राहतं?" असं एका मुलीने विचारलं तर त्यांनी फळ्यांकडे हात केला आणि म्हणाले, "इथे माणसं राहत नाहीत. पाय राहतात. माणसं मरून गेली, पाय मागे राहिले." मी ते भाषांतर करून सांगितलं आणि सगळ्या पोरांनी बाबांना डोक्यावर घेतलं. प्रोफेसरबाईंनी ते वाक्य दोनदा विचारून लिहून घेतलं. झालं, बाबा हरभऱ्याच्या झाडावर चढले. त्यानंतर दर वर्षी ते वाक्य व्हायचंच, आणि ते येण्याआधी बाबा जरासं थांबायचे.

बाईंचा एक नियम मात्र कडक होता. मुलाखतीच्या आधी एक कागद वाचून दाखवायचा. तुमचं नाव कुठेही येणार नाही, घर ओळखू येईल असं काही छापणार नाही, तुमच्या बोलण्याचा तुम्हाला त्रास होणार नाही. मग खाली सही. बाबा झोकात सही करायचे, पण त्यांना ते पटायचं नाही. नाव येणार नसेल तर एवढं बोलायचं कशाला, असं त्यांनी मला विचारायला लावलं. बाई म्हणाल्या, ते तुमच्या भल्यासाठी आहे. एका वर्षी निघताना बाबांनी त्यांना थट्टेने सांगितलं की दर वेळी माझ्या मुलीला मध्ये घालता, पुढच्या वर्षी आमची भाषा शिकून या. बाई हसून हो म्हणाल्या.

पुढच्या वर्षी पोरं येण्याआधीच गल्ली पाडायचं ठरलं. पुनर्विकास हा शब्द मी इतक्या लोकांसाठी इकडून तिकडे नेलाय की आता तो ऐकला तरी माझी दाढ दुखते. गल्लीच्या जागी मोठी इमारत होणार, खाली दुकानं, मध्ये कचेऱ्या, मागच्या अंगाला घरं. जे लोक गल्लीत राहत असतील त्यांना त्याच जागेवर घर मिळणार. ज्यांचं नुसतं दुकान असेल त्यांनी भरपाई घेऊन निघायचं. त्यासाठी महिनाभरात कधीतरी पाहणी होणार होती, आणि पाहणीत जे नोंदलं जाईल ते कायम.

दादाने बाबांना आपल्याकडे चला म्हणून खूप आग्रह केला. बाबा ऐकेनात. त्यांना गल्ली सोडायची नव्हती. बाबा काही जुन्याला कवटाळून बसणारे नव्हते. घर पडणार हे त्यांनी माझ्याआधी मान्य केलं होतं. वरच्या मजल्यावर खिडकी बंदराच्या बाजूला मागायची, साचे ठेवायला एक भिंत पुरे, जिना नको, लिफ्ट आहे म्हणतात, असे त्यांचे बेत चालले होते. "जमीन तीच ना? मग मी हवेत राहीन," असं ते म्हणाले होते. म्हातारपणात त्यांना एवढंच हवं होतं, की जिथे आईबरोबर आयुष्य गेलं तिथेच डोळे मिटावेत.

पोरं त्या आठवड्यात येणार आहेत असं मी त्यांना फोनवर सांगितलं होतं. वार सांगितला होता की नाही ते आता आम्हा दोघांनाही आठवत नाही. पोरांना घेऊन मी पोचले तेव्हा बाबा बाकावर होते, पण बनियनवर, आणि खाट पसरलेली होती. आम्हाला बघून ते गोंधळले.

"परत?" ते म्हणाले.

"परत म्हणजे?"

"अगं, परवा येऊन गेली ना पोरं. पिवळी जाकिटं घालून. बाई नव्हत्या बरोबर. तू पण नव्हतीस."

मी विचारलं, त्यांच्या हातात काय होतं. पॅड नव्हते, काचेच्या पाट्या होत्या, बोट लावून लिहायच्या. बाबांनी त्यांच्यासाठी सगळं आवरलं होतं, खाट उभी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता. चहा विचारला तर नको म्हणाले, अजून पुष्कळ घरं करायची आहेत म्हणाले. यंदाची पोरं जरा तुसडी आहेत असं बाबांना वाटलं होतं.

"बाबा, ते आपल्या भाषेत बोलत होते ना?"

"हो. चांगलं बोलत होते."

"मग तुम्हाला कळलं नाही?"

बाबा हळूच म्हणाले, "मला वाटलं, यंदा शिकून आले. मीच सांगितलं होतं ना बाईंना. मला इतकं बरं वाटलं, चिमणे."

मी पुढचं विचारलं नाही, तरी त्यांनी सांगितलं. इथे कोण राहतं असं विचारल्यावर त्यांनी फळ्यांकडे हात केला होता. थांबायचं तेवढं थांबले होते. एक मुलगा हसलाही होता. मग त्याने पाटी पुढे केली आणि बाबांनी बोटाने झोकात सही केली.

प्रोफेसरबाई दारात उभ्या होत्या. काय झालं, त्यांनी विचारलं. त्या दिवशी मी पहिल्यांदा कुणाला भाषांतर करून सांगायला नकार दिला.

त्यानंतर आम्ही पुनर्वसन कचेरीत खेटे घालायला लागलो. पिवळ्या जाकिटातली ती माणसं पाहणीची होती आणि त्यांनी नोंद केली होती, निवासी वापर नाही. बाबा इथेच राहतात हे सिद्ध करा म्हणाले. आता एखादा माणूस आपल्या घरात राहतो हे सिद्ध कसं करायचं? विजेचं बिल कारखान्याच्या नावाने होतं, कारण पहिल्यापासून तसंच होतं. ओळखपत्रावर दादाचा पत्ता होता, कारण आईच्या आजारपणात दादाच्या भागातल्या दवाखान्यात मोफत औषधं मिळायची आणि त्यासाठी दादाने दोघांचेही पत्ते बदलून घेतले होते. त्यात त्याचं काय चुकलं? शेजाऱ्यांची साक्ष धरत नव्हते. गल्लीतले सगळेच एकमेकांसाठी साक्ष द्यायला तयार होते म्हणे, त्यामुळे कुणाचीच नको. दादा तिथे टेबलावर हात आपटून बोलला, मग रडला. क्रेनवर उभं आयुष्य काढलेला माणूस, मी त्याला आईच्या वेळीही रडताना पाहिलं नव्हतं.

शेवटी मी प्रोफेसरबाईंना लिहिलं. इतकी वर्षं त्यांनी बाबांच्या मुलाखती घेतल्या होत्या. हा माणूस इथे राहतो हे सांगणारं तिऱ्हाईत माणूस आमच्याकडे दुसरं नव्हतं. बाईंनी हात वर केले नाहीत, हे मला सांगितलंच पाहिजे. त्यांनी सुनावणीसाठी पत्र पाठवलं आणि त्याबरोबर त्यांचा छापलेला अभ्यासही. पण आपल्याच नियमाप्रमाणे त्यांनी नावं ठेवली नव्हती. सह्यांचे कागद अभ्यास संपला की दर वर्षी नष्ट व्हायचे. घराचा नंबर, गल्लीचं नाव, सगळं काळजीपूर्वक काढून टाकलेलं. बाबा त्यात होते, उत्तरदाता क्रमांक अकरा म्हणून.

सुनावणी घेणारे अधिकारी सभ्य होते. आम्हाला पाणी विचारलं, बाबांना गादीची खुर्ची दिली. क्रमांक अकरा म्हणजे हेच गृहस्थ कशावरून, असं त्यांनी विचारलं. बाबा उठून उभे राहिले आणि म्हणाले, "मीच तो साहेब." अधिकाऱ्यांनी मान हलवली. मग त्यांनी अभ्यासाचं एक पान उघडून माझ्यापुढे ठेवलं. त्यांना ती भाषा येत होती, पण नोंदीसाठी भाषांतर हवं होतं आणि दुभाषी समोर बसलेलीच होती. क्रमांक अकराचा मजकूर वाचा म्हणाले.

प्रकरणाच्या सुरुवातीलाच, वेगळ्या ठशात, ते वाक्य होतं. इतकी वर्षं मीच ते आमच्या भाषेतून तिकडे नेलं होतं, प्रत्येक वेळी थोडं जास्त रंगवून. मी पानावर बोट ठेवून बसले. बाबा म्हणाले, वाच ना. त्यांना वाटत होतं त्यात काहीतरी चांगलं असणार.

मी वाचलं. "इथे माणसं राहत नाहीत. पाय राहतात."

अधिकाऱ्यांनी पान मिटलं. मग म्हणाले, "काका, आमच्या पाहणीतही तुम्ही हेच सांगितलंय. बाहेरच्या लोकांनाही हेच सांगितलंय. मी काय करू?"

खोलीत पंखा फिरत होता. बाबा म्हणाले, "साहेब, तो विनोद होता." इतक्या हलक्या आवाजात ते आयुष्यात कधी बोलले नसतील. टंकलेखकाने ते लिहून घेतलं की नाही मला माहीत नाही. निकालात ते नव्हतं.

बाबा दादाकडे राहायला गेले. चौदावा मजला, खिडकीतून दिसतात दुसऱ्या इमारतींच्या खिडक्या. साचे नेता येण्यासारखे नव्हते. एका हॉटेलवाल्याने भिंतीवर सजावटीला म्हणून पोत्यात भरून नेले, आणि बाबा त्याला पोती शिवायला सुतळी शोधून देत होते. वहिनी जीव लावून करते त्यांचं, कुठे बोट ठेवायला जागा नाही. पण बाबा थट्टेने बोलायचे थांबले. वीज मीटर बघायला माणूस आला तरी त्याला स्वतःचं पूर्ण नाव सांगतात, वय सांगतात, मी इथे राहतो, मुलाकडे राहतो, असं सांगतात. पार्सल देणाऱ्या मुलाला सांगतात. वहिनीच्या मैत्रिणी आल्या की त्यांनाही. पहिल्यांदा आम्ही हसलो, मग हसणं बंद केलं.

पुढच्या वर्षी बाई पुन्हा आल्या. गल्लीच्या जागी पत्र्याचं कुंपण होतं आणि आत खड्डा. पोरांनी कुंपणाबाहेरून खड्ड्याचे फोटो काढले. संध्याकाळी बाईंनी मला बाजूला घेतलं. गल्लीतून गेलेल्या लोकांचं पुढे काय झालं हेही पोरांनी बघायला हवं, असं त्यांना वाटत होतं. बाबांना भेटायला येऊ का, असं त्यांनी अगदी चाचरत विचारलं. मी सरळ नाही म्हणाले, तेही चांगल्या शब्दांत नाही. दादाच्या घरी जाऊन त्याला तणतणत सांगितलं तर आतल्या खोलीतून बाबा म्हणाले, येऊ दे त्यांना.

आम्ही गेलो तेव्हा बाबांची खाट बाहेरच्या खोलीत आणून ठेवलेली होती. अंथरूण पसरलेलं, उशीला त्यांच्या डोक्याचा खळगा. औषधाच्या बाटल्या टीपॉयवर ओळीने. दाढीचा ब्रश, टॉवेल, चष्म्याची पेटी, रात्री उशाशी लागणारा तांब्या. दोरीवर त्यांचे दोन बनियन वाळत होते आणि वहिनीने ते काढायला घेतले तर त्यांनी काढू दिले नव्हते. वहिनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवत राहिली.

केसांना निळा रंग लावलेल्या एका मुलीने कागद वाचून दाखवला. नाव कुठेही येणार नाही, इथवर मी भाषांतर केलं तेव्हा बाबांनी हात वर करून मला थांबवलं. नाव घाला म्हणाले. मुलीने बाईंकडे पाहिलं. बाई खाली बघत होत्या.

मग प्रश्न सुरू झाले. बाबा पाठ ताठ करून बसले होते. किती वर्षं राहत होतात, तर जन्मापासून. घरात कोण होतं, तर बायको, मुलगा, मुलगी, प्रत्येकाचं पूर्ण नाव. झोपायचात कुठे असं कुणी विचारलं नव्हतं, तरी पडद्यामागे, डाव्या भिंतीला, खाटेवर. स्वयंपाक कुठे व्हायचा, आंघोळ कुठे, आई कुठल्या कुशीवर गेली. एकाही उत्तरात हसण्यासारखं काही नव्हतं. ती मुलगी भराभर लिहीत होती आणि मधूनमधून डोळे पुसत होती. मी शब्दाला शब्द ठेवत गेले. काही रंगवलं नाही.

शेवटी तिने विचारलं, तुम्हाला आणखी काही सांगायचंय का.

बाबा जरा पुढे झुकले. प्रश्न तिचा होता, पण ते बाईंकडे बघत होते. "आता सगळं बरोबर सांगितलंय मी. हे वाचल्यावर घर कधी देतील ते?"

पेन थांबलं. मुलीने मला विचारलं, काय म्हणाले? मी सांगितलं. तिने बाईंकडे पाहिलं, बाईंनी माझ्याकडे पाहिलं. दादा उठून गॅलरीत निघून गेला. बाबांना वाटलं, बाई हिशेब करतायत, किती दिवस लागतील त्याचा.

त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. "घाई नाही म्हणावं," ते म्हणाले. "नीट विचारून सांगा म्हणावं. मी इथेच आहे."